गेटवरची लंगडी

ये वं बाई, अशी जवळ ये, कान इकडे कर. लिहून बोलावते आहे म्हणून ऐकू आलं नाही असं सांगू नको. मागल्या खेपेला नागपूरला आलीस, विमानतळावरून परस्पर सदरला गेलीस, मैत्रिणीच्या लग्नात जेवलीस आणि परस्पर परतलीस. मावशी हुडकेश्वरला राहते, लंडनला नाही. यायला वेळ नव्हता म्हणतेस. पण हवाई दलाच्या गेटसमोर टॅक्सी थांबवून तिथल्या विमानाचा फोटो काढायला वेळ होता. तो घरच्या ग्रुपवर टाकलास आणि खाली लिहिलंस, 'नागपूरचं फायटर जेट'.

एक तर तिथे फोटो काढायला मनाई आहे. तशी पाटी आहे, आणि ती पाटी तुझ्या फोटोत छान आली आहे. दुसरं, जेटला नाकावर पंखा नसतो वं. आणि फायटर तर ती नाहीच. ते शिकवणीचं विमान आहे. पुढेमागे दोन जागा, एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. तिनं जन्मात कोणावर गोळी झाडली नाही. नव्या पोरांना उडायला शिकवलं, त्यांनी आपटलं तेव्हा आपटून घेतलं, आणि निवृत्त झाली. शिक्षिकेला कोणी फायटर म्हणतं का?

ती म्हणते आहे मी, ते नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिला नाव आहे, म्हणून. त्या नावापायी तुझ्या मावसाजींना डोक्याच्या डॉक्टरकडे जावं लागलं, आणि आमच्या हुडकेश्वरच्या घराला कुलूप लावून आम्ही दोघं कायमचे पुण्याला जाणार होतो. तू आली असतीस तर चहासोबत सांगितलं असतं. आता वाच.

मावसाजी कुहीकडच्या धानशेतीच्या घरातले, हे तुला माहीत आहे. शेतात तिघा भावांना पुरेल एवढं काम नव्हतं म्हणून हे हवाई दलात गेले. उडवायला नाही, दुरुस्त करायला. पहिली नेमणूक खाली दक्षिणेकडे, जिथं नव्या पोरांना उडायला शिकवायचे तिथं. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. नंतर बदल्या होत होत शेवटी नागपूर आलं, इथंच निवृत्त झाले, हुडकेश्वरला घर बांधलं. तेव्हा आजूबाजूला तुरीची शेतं होती, आता कोचिंग क्लास आहेत. आणि मावसाजी बोलतात किती, ते तू पाहिलं आहेस. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर मला पहिलं वाक्य बोलले ते, 'पाय सरकवा, पाटाचा खिळा वर आहे.'

तर हे दर महिन्याला स्कूटर घेऊन माजी सैनिकांच्या कँटीनला जातात. तेल, साबण, चहा. त्या दिवशी परत आले ते रिकामी पिशवी घेऊन. मी मेथी निवडत होते. विचारलं, "काहून, बंद होतं का?"

"गेलोच नाही आत," हे म्हणाले. "लंगडी गेटवर उभी आहे."

आता लंगडी म्हणजे काय, ते सांगते. मी सून म्हणून कुहीला गेले तेव्हा गोठ्यात एक गाय होती. धानाच्या बांधावरून घसरून तिचा डावा पाय अधू झाला होता. तिचं नाव लंगडी. आमच्या सासरी जनावरांची नावं ठेवताना कोणी फार विचार करत नसे. तिला कुटार टाकायचं काम माझं, आणि मला लाथ मारायचं काम तिचं. आमचा मुलगा, तुझा दादा, पाय टाकायला लागला त्याच्या आधीच ती गेली. मी रडले नाही.

म्हणून मी विचारलं, "कोणती लंगडी?"

"आपली."

"अहो, ती मेली."

"नाही मेली," हे म्हणाले. "रंग दिला तिले. छान दिसून राहिली."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. "बसा," म्हटलं, "पाणी आणते."

हे बसले. पाणी प्यायले. पेला ठेवून म्हणाले, "डाव्या पायावर अजून तशीच कलते."

डाव्या पायावर! तिथंच मी फोन शोधायला लागले. तोवर वाटत होतं, कोणाची तरी दुसरी गाय पाहिली असेल.

तुझ्या दादाला फोन केला. तो तसाही कारण शोधतच होता. पुण्याला त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली आमच्यासाठी रिकामी ठेवली होती, खाली लिफ्टपर्यंत घसरगुंडीसारखा उतार, अंगणात म्हाताऱ्यांचा कट्टा. दर फोनला कट्ट्याची गोष्ट निघायची. मावसाजींचं म्हणणं, "मी काय कट्ट्यावर बसाले नोकरी केली का?" आता मात्र तो म्हणाला, "आई, मेलेली गाय दिसते म्हणजे हे साधं नाही. मी येतो." आणि खरंच आला. आल्या आल्या पाया पडला आणि स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात टाकली. "मला जरा लागेल," म्हणाला. त्याला गेअरची स्कूटर चालवता येत नाही.

डोक्याचा डॉक्टर भला माणूस होता. आजचा वार विचारला, ह्यांनी सांगितला. शंभरातून सात वजा करत जा म्हणाला, हे शून्याच्या जवळ जाईपर्यंत थांबेनात. घड्याळ काढायला सांगितलं तर ह्यांनी सेकंदकाटाही काढला. डॉक्टर आमच्याकडे पाहायला लागला, की बाबा, आणलं कशाला यांना?

तेव्हा दादा म्हणाला, "बाबा, त्यांना सांगा. गेटवर कोण उभी आहे?"

"लंगडी."

डॉक्टरांनी पेन उचललं. "कधीपासून ओळखता तिला?"

"नोकरीले लागलो तेव्हापासून."

"शांत आहे का? अंगावर वगैरे येते का?"

"सुरू करताना थोडी हिसका मारते. मग शांत."

"खाते काय?"

शिकलेल्या माणसानं असं काय विचारावं, असा चेहरा करून हे म्हणाले, "पेट्रोल खाते. आणि ऑईल गळते."

डॉक्टर लिहायला लागले. बरंच लिहिलं. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण बाई, माझं डोकं तिकडे चालायला लागलं होतं. मी त्या लंगडीला वर्षभर कुटार टाकलं होतं. लाथ मारणारी होती, दुधाला कमी होती, सगळं खरं. पण ऑईल कधी गळलं नाही.

"अहो," मी विचारलं, "ही लंगडी गाय आहे का?"

"गाय?" हे म्हणाले. "गाय काहून? विमान आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग दादा म्हणाला, "बाबा, मग विमान म्हणून सांगायचं नाही का?"

"आता गा," हे म्हणाले, "हवाई दलाच्या गेटवर काय म्हैस ठेवतील?"

नंतर ऑटोत बसल्यावर एकेक करून काढून घेतलं. पहिल्या नेमणुकीला ह्यांच्याकडे शिकवणीची विमानं होती, एचटी-टू म्हणत त्यांना. ह्यांनी त्यांना घरच्या जनावरांची नावं दिली होती. त्यातली एक डाव्या पायावर कलायची, ती लंगडी. हे मला इतक्या वर्षांत का सांगितलं नाही? तर म्हणे, तू विचारलं नाही. मी कशाला विचारू, की तुमच्या नोकरीत एखादी लंगडी होती का?

तुला वाटेल, मिटलं. नाही मिटलं. दादा दुसऱ्या दिवशी गेटवर जाऊन आला, विमानाखालची पाटी वाचून आला. "विमान आहे, एचटी-टूच आहे," म्हणाला. "पण बाबा, तशी कितीतरी होती. सगळी सारखीच दिसतात. तुमचीच कशावरून? पाटीवर नंबर आहे, तुमच्या लंगडीचा काय होता?"

"नंबर मले आठवत नाही," हे म्हणाले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला, आणि ह्यांनाही कळला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं वं. रस्त्यावरून जाताना एक जुनं विमान पाहायचं आणि ही माझीच म्हणायचं, कँटीनमधलं तेल विसरायचं, हे चांगलं लक्षण नाही. तो आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, ही तुमची नसेल तर तुम्ही माझं ऐकायचं. पुण्याला यायचं." हे म्हणाले, "आणि असली तर?" दादा म्हणाला, "असली तर पुन्हा बोलणार नाही." मला कोणी विचारलं नाही. घर माझ्याही नावावर आहे.

आता यात दातांचे डॉक्टर कुठून आले, ते ऐक. ह्यांची कवळी करायची होती, म्हणून सदरला त्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघंही गेलो. तिथं भिंतीवर दाताचं एकही चित्र नाही, सगळी विमानं. डॉक्टरांनी ह्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरला आणि घड्याळ लावून बसले. तेवढ्यात ह्यांना भिंतीवर काहीतरी दिसलं. हात लांब करून "ऊं! ऊं!" करायला लागले.

"श्वास अडकला!" दादा उठलाच.

"नाही हो," डॉक्टर म्हणाले, "ते एचटी-टू दाखवून राहिले."

दातांच्या डॉक्टरांचा हाच छंद. सुट्टीच्या दिवशी जुनी विमानं उभी असतील तिथं जायचं. कुठं कॉलेजच्या आवारात, कुठं चौकात, कुठं तळाच्या मागे गवतात. जात ओळखायची नाही, ती कोणीही ओळखतं म्हणे. समोरचं विमान नेमकं कोणतं, हे ओळखायचं. कुठं होती, कधी मोडली, कोणाचा पंख कोणाला लावला. मी विचारलं, "ओळखून मग काय करता?" म्हणाले, "काही नाही. परत येतो." मला हा माणूस आवडला. त्यांना लंगडीची गोष्ट सांगितली, तर ते ह्यांच्यापेक्षा उतावीळ झाले.

हवाई दलाच्या तळावर माजी सैनिकांचा मेळावा होता, त्या दिवशी घरच्यांनाही सोडतात. डॉक्टरांचे वडील हवाई दलातले, म्हणून तेही वडिलांना घेऊन आले. वडिलांना त्यांनी मंडपात पंख्याखाली बसवलं आणि आमच्यासोबत गेटवरच्या हिरवळीवर आले. सोबतीला एक तरुण अधिकारी बाई दिली होती, हरियाणाकडची, फार गोड.

जवळून पाहिलं तर बाई, एवढीशी ती. पिवळाधमक रंग, नाक वर, शेपूट खाली, सिमेंटच्या ओट्यावर बसलेली. बसायच्या जागेवरच्या काचेच्या घुमटाच्या फटीत कोणीतरी जाळी कोंबून ठेवली होती, कबुतरांनी आत जाऊ नये म्हणून. हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि पंखाखाली उभे राहिले. मी ह्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

दातांचे डॉक्टर कामाला लागले. खिशातून छोटा आरसा काढला, दातांचाच, आणि इथं वाकून पाहा, तिथं वाकून पाहा. शेपटीपाशी खूप वेळ थांबले. आडव्या उन्हात डोळे बारीक करून पाहिलं. मग आमच्याकडे आले आणि टोपी मागे सरकवून म्हणाले, "काका, पाटी बरोबर आहे. रंगाच्या खाली जुना नंबर उमटून दिसतो, तो पाटीवरचाच आहे. आणि या नंबराचं विमान तुमच्या तिकडे कधी नव्हतंच. हे उत्तरेकडे होतं. माफ करा."

दादा जिंकल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. बुटानं हिरवळ उकरत उभा राहिला.

हे म्हणाले, "असेल बाबू. चुकलो असेन."

मी ह्यांना दोन ऑपरेशनांत पाहिलं आहे, सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं आहे. पण 'चुकलो असेन' मी ह्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि मनात म्हटलं, संपलं. आता पितळेची भांडी कोणाला द्यायची, ते ठरवावं लागेल. तुझ्या आईला परात हवी होती, तेही आठवलं.

मान खाली घालून भांड्यांचा विचार करत होते, म्हणूनच दिसलं. तिच्या डाव्या चाकाखाली लोखंडाची जाड पट्टी होती. उजव्या चाकाखाली काही नाही. आता मी काय विमान ओळखणार? पण पोळपाटाचा एक पाय कमी असला की त्याखाली कागदाची घडी घालते, शिलाई मशीनखाली खापरी घालते. उगीच कोणी एका पायाखाली पट्टी घालत नाही.

मी त्या अधिकारी बाईला विचारलं, "बेटा, ये एकही चक्के के नीचे पट्टी कायको लगाई?"

ती हसली. "आंटीजी, उसकी तो पूछिए मत." मग सगळं सांगितलं. हिला ओट्यावर बसवली तर डावीकडे कलली. वाटलं ओटा वाकडा. गवंड्याला बोलणी बसली, त्यानं ओटा फोडून पुन्हा बांधला. पुन्हा कलली. चाक बदललं, तरी कलली. गवंडी पाण्याची नळी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर ओटा सपाट असल्याचं दाखवून गेला. शेवटी पट्टी घातली. "अब भी थोड़ा झुकता है," ती म्हणाली, "पता नहीं क्यों."

"ओटा सरळच असेल," हे म्हणाले. गवंड्याचीच बाजू घेतल्यासारखे म्हणाले. "तिचाच पाय तसा आहे. एका पोट्ट्यानं उतरताना आपटली होती. आम्ही पाय बसवला, पण उभी राहिली की कलायची. उडाले काही त्रास नाही. उभं राहाले त्रास."

दातांचे डॉक्टर तोवर पळत पळत बसायच्या जागेच्या मागे पोचले होते. आरसा लावला. बोटानं टकटक केलं. मग ओरडलेच, "काका! जोड आहे! इकडचे रिव्हेट वेगळे, तिकडचे वेगळे! शेपूट दुसरीची आहे!"

मग उलगडलं ते असं. दोन मोडक्या विमानांचं मिळून एक उभं केलं होतं. पुढचं धड एकीचं, शेपूट दुसरीची. नंबर शेपटीवर असतो, म्हणून पाटी शेपटीची लागली. पाटी करणाऱ्याची काही चूक नाही, त्यानं समोर होतं ते वाचलं. पाय मात्र धडाला असतात. त्या अधिकारी बाईनं आम्हाला मागे नेलं, तिथं उरलेले सांगाडे ठेवले होते, गवतात, वेली चढलेले. एक नुसतं शेपूट पडलं होतं, त्यात कुत्री पिल्लं घेऊन झोपली होती. डॉक्टरांनी लांबूनच मान वाकडी करून त्यावरचा पुसट नंबर वाचला आणि म्हणाले, हा तुमच्या तिकडचा. कुत्री गुरगुरली म्हणून जास्त तपास झाला नाही.

दादानं पँटला चिकटलेलं गवत झटकलं. मग म्हणाला, "म्हणजे बाबा अर्धे बरोबर."

"पुढून बरोबर," हे म्हणाले.

"पण मग ती लंगडी म्हणायची की नाही?"

त्यावर दातांचे डॉक्टर म्हणाले, "का नाही? उद्या मी यांना कवळी बसवली म्हणून हे तुमचे बाबा नाहीत का?"

"बसली तर," हे म्हणाले.

दादा दोन दिवसांनी परत गेला. कट्ट्याचं नाव काढलं नाही. निघताना पाया पडला, आणि मी डबा बांधेपर्यंत बाहेर ऑटो आला. तो गेल्यावर पाहिलं, फ्रिजवर, जिथं नेहमी असते तिथं, स्कूटरची चावी होती. ह्यांनी ती उचलली, बाहेर गेले, टाकीचं झाकण काढून आत पाहिलं आणि म्हणाले, "पेट्रोल नाही टाकलं पोट्ट्यानं."

आता तुला खरं सांगते, दादाला सांगू नको. हे विसरतात थोडं. डोक्याच्या डॉक्टरांनी दिलेली एक गोळी अजून सुरू आहे. चहा घेतला की नाही ते विसरतात आणि पुन्हा मागतात. की आठवत असूनच पुन्हा मागतात, ते मला अजून कळलेलं नाही. पण कँटीनला जातात, तेल आणतात. वाटेत गेटसमोर स्कूटर उभी करतात, तिच्या डाव्या चाकाकडे पाहतात आणि येतात. पहारेकरी आता सलाम करतो. एकदा त्यानं विचारलं म्हणे, "बाबूजी, आपका है क्या?" तर हे म्हणाले, "आधा." पाटी अजून तीच आहे. ती अधिकारी बाई म्हणाली होती की वर कळवते. कळवलं असेल.

दादानं त्या सगळ्याचं ग्रुपवर काही लिहिलं नाही, म्हणून तुला कळलं नाही, आणि म्हणून तू 'फायटर जेट' लिहिलंस. तुझ्या मावसाजींनी तो फोटो पाहिला. चष्मा पुसून पाहिला. म्हणाले, "पोरीनं उजव्या बाजूनं काढला. पाय दिसत नाही." एवढंच. पण संध्याकाळी चहाच्या वेळी पुन्हा म्हणाले, "तिले म्हणा, एकदा ये. मी दाखवतो."

आता ह्यांनी स्वतःहून कोणाला ये म्हटलं, असं मला आठवत नाही. तर तू या दिवाळीची वाट पाहू नको. त्याआधीच ये. सकाळच्या विमानानं उतर, टॅक्सी करू नको, हे स्कूटर घेऊन येतील. सामान कमी आण. गेटसमोर थांबाल तेव्हा मोबाईल पर्समध्ये ठेव, डाव्या बाजूला जाऊन उभी राहा आणि हे सांगतील ते ऐकून घे. दोन वाक्यांच्या वर नसेल. मग घरी ये. परात तुझ्या आईसाठी काढून ठेवली आहे, ती जाताना घेऊन जा. आता कुठं जायचं नाही आम्हाला, पण काढली ती काढली.